दोकपालरावांचा उजवा गाल

"आठ आठवडे! फक्त आठ आठवडे द्या मला! मग माझ्या गालावर मुंगी चढली, तर घसरून पडेल!"

दोकपालरावांनी भर बाजारात झारा उंचावून ही घोषणा केली, तेव्हा रांगेतल्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या सुक्या मासळीच्या दुकानातल्या फ्योनबाई मात्र पोट धरून हसत सुटल्या. त्यांना दोकपालरावांचे दोन्ही गाल अठ्ठावीस वर्षांपासून पाठ होते.

सोल शहरातल्या एका जुन्या बाजारात दोकपालरावांची क्वाबेगीची गाडी होती. मैद्याच्या दोन दोऱ्या एकमेकींत पिळायच्या, तेलात सोडायच्या आणि गरमागरम साखरेत घोळवायच्या. काम सोपं वाटतं, पण दोकपालरावांसारखा पीळ अख्ख्या बाजारात कुणाला जमत नसे. कालचा माल आज विकायचा नाही आणि कालचं तेल आज वापरायचं नाही, असा त्यांचा नेम. अठ्ठावीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. असा माणूस शोधून सापडणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढे त्यांची जी फजिती होणार आहे, तिच्यामुळे तुमचा त्यांच्याविषयी गैरसमज व्हायला नको.

आता राहिला चेहरा. नाकावर आणि दोन्ही गालांवर छिद्रंच छिद्रं! संत्र्याची साल परवडली. पावसाळ्यात फ्योनबाई हाक मारायच्या, "दोकपालभाऊ, तोंड झाका, पाणी साठेल!" दोकपालराव सगळ्यांत आधी हसायचे. चेहऱ्याचा विचार करायला त्यांना कधी वेळच मिळाला नव्हता.

वेळ मिळाला तो मुलीमुळे. सेबोम ही त्यांची एकुलती एक. तिने ग्योम नावाच्या मुलाशी आपलं लग्न आपणच जमवलं आणि एके दिवशी आईवडिलांसमोर फोन धरला. "ही ग्योमच्या घरची मंडळी."

"ही ग्योमची मोठी बहीण का?" दोकपालरावांनी विचारलं.

"आई आहे बाबा त्याची. पेकबाई. एकसष्ट वर्षांच्या आहेत."

सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा चेहरा! दोकपालरावांच्या बायकोने, जोमरेबाईंनी, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. शेवटी पडद्यावर नुसता रंग उरला, पण छिद्र काही सापडलं नाही.

"नदीपलीकडे त्यांचं त्वचेच्या उपचारांचं केंद्र आहे," सेबोम म्हणाली. "दोन महिन्यांनी दोन्ही घरांनी एकत्र जेवायला बसायचं ठरतंय."

बस्स! दोकपालराव आरशापुढे जाऊन बसले. जी बाई दिवसभर लोकांची छिद्रं बघते, तिच्यासमोर हे तोंड घेऊन बसायचं? आपल्यामुळे पोरीला मान खाली घालावी लागली तर? बाकी कशाचंही त्यांना काही वाटलं नसतं. ही एकच गोष्ट त्यांना सहन होणार नव्हती.

मग सुरू झाले उपचार! जोमरेबाईंनी अंड्याचा पांढरा बलक थापला. "वाळेपर्यंत हसायचं नाही, बोलायचं नाही," अशी ताकीद दिली आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. दोकपालरावांनी न बोलता, न हसता, ताठ चेहऱ्याने पुडी पुढे केली. दहा मिनिटांत बाजारभर बातमी, दोकपालभाऊंना झटका आला! फ्योनबाई रडत रडत रुग्णवाहिका बोलवायला निघाल्या. त्यांना थांबवायला दोकपालराव ओरडले आणि अख्खा बलक तडकून कढईत पडला. त्या घाण्याचं तेल टाकून द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी नाकावर चिकटपट्टी. ती ओढताना जी किंकाळी फुटली, तिने चौथ्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

तिसऱ्या दिवशी बसथांब्यावर त्यांना एक कागद चिकटवलेला दिसला. त्वचेवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेची जाहिरात होती. 'नव्या मलमाच्या चाचणीसाठी चेहऱ्यावर मोठी छिद्रं असलेली माणसं हवी आहेत.'

"बघ!" दोकपालराव बायकोला म्हणाले. "या तोंडाचीही कुणाला तरी गरज आहे!"

संस्थेत मिनबाई नावाच्या तरुण संशोधिकेने त्यांची हनुवटी एका यंत्रावर ठेवली. लख्ख उजेड पडला. शेजारच्या पडद्यावर गाल उमटला आणि मिनबाईंनी पडद्याला नाक लावलं.

"काय झालं? फार वाईट आहे का?"

"सर... एक मिनिट हं." त्या धावत बाहेर गेल्या आणि पांढऱ्या कोटातली आणखी तिघं माणसं घेऊन आल्या.

"बघा! एका गालावर दोन हजार एकशे!"

"आणि किती रेखीव!"

"एकही अस्पष्ट नाही!"

त्यातले पिकल्या केसांचे प्रमुख पडद्यापाशी वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि नुसतं "वा!" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी या चेहऱ्याला वा म्हटलं होतं. दोकपालरावांनी उठून कमरेतून वाकून नमस्कार केला.

"तेलाच्या वाफेने झालीत ना ही?" त्यांनी विचारलं.

"मुळात आईवडिलांकडून आलीत," मिनबाई म्हणाल्या. "त्यात तुमची त्वचा तेलकट. वयाबरोबर कातडी सैल पडते, उन्हाने आणखी सैल पडते, की छिद्रं मोठी दिसायला लागतात."

"मग ती बंद कधी होणार?"

"छिद्रांना दार नसतं सर. ती उघडतही नाहीत आणि बंदही होत नाहीत. चेहरा नीट धुतला, ऊन टाळलं, मलम लावलं, की लहान दिसतात. तेवढंच."

"दिसली की झालं! विहीणबाई काय आत शिरून बघणार आहेत?"

असं म्हणून दोकपालरावांनी खिशातून सहीऐवजी वापरायचा आपला नावाचा शिक्का काढला आणि कागदावर ठण्णकन उमटवला. वाचायला घेतलं ते त्यानंतर. 'मलम फक्त उजव्या गालावर लावावे.'

"आणि डाव्या?"

"डाव्यावर काहीच नाही. आठ आठवडे. फरक मलमामुळेच पडला, हे त्याशिवाय आम्हाला कसं कळणार?"

घरी जोमरेबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे अर्धं तोंड घेऊन जाणार तुम्ही सोयरीक करायला? अहो, डबा गच्च भरलाय! डाव्यालाही लावा थोडं. कोण बघतंय?"

"सेबोमची आई, मी शिक्का मारलाय!"

"शिक्का कागदावर मारलाय, गालावर नाही!"

"नाही म्हणजे नाही!"

आणि खरोखरच त्यांनी डाव्या गालाला बोट लावलं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ उजव्यावर मलम, डाव्यावर नुसतं पाणी. तिसऱ्या आठवड्यात फ्योनबाईंनी हातातली मासळी खाली ठेवली. "दोकपालभाऊ, जरा इकडे बघा. आता तिकडे. अगंबाई! इकडून तुम्ही, आणि तिकडून तुमचे वडील!"

सहाव्या आठवड्यात उजवा गाल म्हणजे बाजाराचं वैभव झाला. गिऱ्हाइकं गाडीच्या उजव्या बाजूला रांग लावू लागली. दोकपालरावांनी गाडीच फिरवून घेतली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी तोच गाल दिसावा. यातूनच त्यांना युक्ती सुचली. जेवायला बसल्यावरही उजवा गालच दाखवायचा! मान सतत डावीकडे वळवून ठेवली, की समोरच्यांना दुसरं काही दिसायचंच नाही. त्यांनी घरी तालीमही केली. पहिले चार दिवस शेवया कानात गेल्या, पाचव्या दिवसापासून तोंडात जाऊ लागल्या.

भेटीचा दिवस उजाडला. नदीपलीकडचं नामांकित उपाहारगृह, उबदार जमिनीवर मांडलेल्या उशा, मधे लांब बुटकं मेज. एका बाजूला ग्योम आणि त्याचे आईवडील, समोर आपली मंडळी. दोकपालरावांनी मुद्दाम डाव्या टोकाची जागा धरली. डावीकडे भिंत. भिंतीकडे बघत जेवायचं, की काम फत्ते!

तेवढ्यात दार सरकलं आणि काठी टेकत ग्योमचे आजोबा आत आले. वय सत्त्याऐंशी. ते येणार हे कुणी सांगितलंच नव्हतं. गुडघ्यांमुळे त्यांना पाठीला टेकू लागायचा, म्हणून ते मेजाच्या टोकाला बरोबर त्या भिंतीला टेकून बसले. आता दोकपालरावांनी मान डावीकडे वळवली, की थेट आजोबांच्या डोळ्यांत!

"व्याही, येताना त्रास नाही ना झाला?" समोरून पेकबाईंनी विचारलं.

"अजिबात नाही," दोकपालराव आजोबांना म्हणाले.

"काय?" आजोबांना कमी ऐकू यायचं.

"व्याह्यांना मासा आवडतो ना?" ग्योमच्या वडिलांनी विचारलं.

"फार आवडतो," दोकपालरावांनी आजोबांना सांगितलं.

आजोबा खूश! घरात इतकं एकटक बघत त्यांचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी नाशपातीच्या बागेत कलम कसं बांधायचं, ते सांगायला सुरुवात केली. फांदी कुठे कापायची, माती कशी लिंपायची, चौदाव्या वर्षी झाडाला कीड कशी लागली. दोकपालराव माना डोलावत होते. अर्धा तास झाला. उजव्या कानात पेकबाईंची कुजबुज ऐकू आली, "माझ्याकडे एकदाही बघितलं नाही त्यांनी. आपण पसंत नाही वाटतं." सेबोमने बाबांना चिमटा काढला. जोमरेबाईंनी कोपर मारलं. मान हलली नाही.

आणि मग आजोबांनी बाटली उचलली. "असा ऐकणारा माणूस मिळत नाही हो! घ्या, माझ्या हातून एक घ्या!"

दोकपालरावांनी दोन्ही हातांनी पेला पुढे केला, त्यात सोजू नावाची दारू पडली आणि मग कुठे त्यांच्या लक्षात आलं. वडीलधाऱ्यांनी दिलेला पेला नाही म्हणून चालत नाही. तो त्यांच्याकडे बघत पिऊनही चालत नाही, तोंड वळवूनच प्यावा लागतो. आजोबा डावीकडे. म्हणजे तोंड उजवीकडे वळवायला हवं. आणि उजवीकडे वळवलं, की डावा गाल, दोन हजार एकशे छिद्रांसकट, झगझगीत दिव्याखाली, पेकबाईंपासून हातभर अंतरावर!

आजोबा वाट बघत होते. दोकपालरावांना तिसरा रस्ता सुचला. ते उशीसकट गर्रकन मागे वळले! जमीन गुळगुळीत, उशी घसरली, आणि सगळ्या सोयऱ्यांकडे पाठ करून ते दाराकडे तोंड करून बसले. त्याच क्षणी दार सरकलं. वाढणारी बाई शेवयांचं ताट घेऊन उभी होती आणि तिच्या गुडघ्यांशी एक माणूस पेला तोंडाला लावून बसला होता.

"काही हवंय का?" तिने घाबरत विचारलं.

"काही नाही," दोकपालराव म्हणाले आणि त्यांनी पेला रिकामा केला.

मागून ग्योमच्या वडिलांनी चॉपस्टिक खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सेबोमचा आवाज आला आणि तो फाटलेला होता.

"बाबा, तुम्हाला ग्योम पसंत नसेल तर सरळ सांगा ना! पाठ काय फिरवता?"

दोकपालराव वळले. पोरीची मान खाली होती आणि तिचे डोळे गळत होते. या मानेसाठीच तर आठ आठवडे सगळा खटाटोप केला होता! त्यांनी उशी सरळ केली आणि पेकबाईंकडे पूर्ण चेहरा केला. उजवा, डावा, नाक, सगळं.

"विहीणबाई, माफ करा. मुलगा तर लाखात एक आहे. मलाच माझ्या तोंडाची लाज वाटली. मी तळणीवरचा माणूस. तुमचा फोटो बघितला आणि वाटलं, माझ्यामुळे पोरीला कमीपणा येईल. एकाच गालाची दुरुस्ती झालीये, म्हणून तोच दाखवत होतो."

"एकाच गालाची का?" पेकबाईंनी विचारलं.

त्यांनी मलमाची, कागदाची आणि शिक्क्याची सगळी हकीकत सांगितली. पेकबाईंनी चष्मा लावला, पिशवीतून छोटं भिंग काढलं आणि मेजाला वळसा घालून त्या त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. उजवा गाल बघितला. डावा बघितला. पुन्हा उजवा.

"डाव्याला एकदाही लावलं नाहीत?"

"नाही."

"मलम घरात होतं?"

"डबाभर."

"आणि आजची भेट ठरलेली होती, हे माहीत होतं?"

"त्यासाठीच तर सगळं चाललं होतं."

पेकबाईंनी भिंग खाली ठेवलं. "चौतीस वर्षं मी चेहरे बघतेय. लोकांना सांगते, उन्हात जाऊ नका, ते जातात. सांगते, छिद्रं दाबू नका, ते दाबतात. अर्ध्या तोंडाला लावा म्हटल्यावर अर्ध्यालाच लावणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतेय. आणि तेही पोरीच्या सोयरिकीच्या वेळी!" त्या मुलाकडे वळल्या. "ग्योम, या घराने तुला जावई करून घेतलं, तर तुझं भाग्य समज!"

सेबोम रडत होती ती आता हसत रडायला लागली. जोमरेबाईंना मात्र जोराचा ठसका लागला. किमची घशात अडकली, असं त्या खुणेने सांगत होत्या.

"काय म्हणतेय सून?" आजोबांनी विचारलं. ग्योमने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. आजोबांनी आपल्या नाकावर बोट ठेवलं. "छिद्रं? ही बघा माझी! चौतीस वर्षं या नाकामागे लागलीये ही, एक कमी झालं नाही!"

"नाही झालं," पेकबाईंनी कबूल केलं. "रक्तातच आहेत ती. माझा चेहराही आईकडूनच आलाय, माझं त्यात काही नाही. पण गिऱ्हाइकांना हे सांगून कसं चालेल?"

मग जे हसणं उसळलं, त्यात दोकपालरावांनी आजोबांच्या हातून आणखी तीन पेले घेतले. प्रत्येक वेळी खुशाल उजवीकडे वळून!

परतताना सेबोम ग्योमबरोबर गेली आणि नवराबायको बसथांब्याकडे निघाले. दोकपालराव तरंगतच चालत होते. जोमरेबाई दोन पावलं मागून येत होत्या.

"अहो, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"आज मी कुणावरच रागावणार नाही!"

"जेवण झालं, की तुम्ही टीव्हीसमोर घोरता ना... तेव्हा रोज मी तुमच्या डाव्या गालाला मलम लावत होते. पहिल्या दिवसापासून."

दोकपालराव जागच्या जागी थांबले. "अगं! माझ्या सचोटीवर त्या बाईंनी पोरगा दिला!"

"म्हणून तर ठसका लागला मला! पण मला एक कळत नाही. इतकं चोळून डाव्याला काहीच कसं झालं नाही हो?"

दोकपालरावांनी गाल चाचपला. "लावायचीस कशी?"

"कशी म्हणजे? तुमच्यासमोर बसायचं, आणि अशी." जोमरेबाईंनी त्यांच्यासमोर उभं राहून आपला डावा हात उचलला आणि नेमका त्यांच्या गालावर ठेवला. "हा डावा."

"हा उजवा आहे."

"माझ्या डाव्या हाताला येतो की!"

"पण गाल माझा आहे!"

बस आली आणि निघूनही गेली. दोकपालराव थांब्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांचा शब्द पाळला गेला होता आणि त्याचं निम्मं श्रेय बायकोला डावं-उजवं न कळण्याला होतं!

पण माणूस पडला दोकपालराव. दुसऱ्या दिवशी सकाळी कढई उतरवून ठेवून ते संस्थेत हजर झाले. मिनबाईंनी दारातच त्यांचं स्वागत केलं. "सर, असा निकाल आम्ही कधी बघितलाच नव्हता! तुमचा गाल आम्ही मोठ्या परिषदेत दाखवणार आहोत!"

"दाखवू नका," दोकपालराव म्हणाले आणि त्यांनी दुप्पट मलमाचा सगळा वृत्तान्त सांगून टाकला.

मिनबाईंचा चेहरा उतरला. प्रमुख आले, त्यांनी ऐकलं आणि उजव्या गालावर मोठी फुली मारली. कागदावरच्या, अर्थात. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोकपालरावांची हनुवटी हलकेच वळवली आणि ते पुन्हा उजळले. "पण डावा तर अजून जसाच्या तसा आहे! वा!" बाकीचे कोटवाले धावत आले आणि कौतुकाने गोल करून उभे राहिले.

"पुन्हा आठ आठवडे, सर?" मिनबाईंनी अदबीने विचारलं. "या वेळी फक्त डावा."

लग्न नऊ आठवड्यांवर होतं. दोकपालरावांनी आनंदाने शिक्का काढला. या खेपेला मात्र त्यांनी आधी वाचायला घेतलं. शिक्क्यासाठी एकाऐवजी दोन चौकटी होत्या. एक त्यांची आणि एक जोमरेबाईंची. दुसऱ्या चौकटीखाली मिनबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पत्नीने पतीचा डावा गाल कोणता, ते आमच्यासमोर बोट लावून दाखवावे. मगच शिक्का मारावा.'